निवाऱ्यातून गेलेली माणसं पुन्हा गंगेवरच का दिसतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमधला पालिकेचा चाळीस खाटांचा निवारा एक संस्था गेल्या वर्षापासून चालवते. इमारत बरी आहे, जेवण देणारे दातेही भरपूर. तरीही माणसं स्वतःच्या पायावर उभी राहत नाहीत. काही जण महिनोन्‌महिने तिथेच राहतात, काही निघून जातात आणि पुन्हा गोदावरीच्या घाटावर, नाशिककर ज्याला ‘गंगा’ म्हणतात तिथे, रामकुंडाच्या आसपास झोपलेले दिसतात. आता एक दाता आणखी चाळीस खाटांसाठी पैसे द्यायला तयार आहे. निवारा सुधारायचा तर सुरुवात कुठून करायची?

खाटांपासून नको, एवढं आधी सांगते.

शहराला खाटा कमी आहेत हे खरं. शहरी बेघरांच्या निवाऱ्यांच्या केंद्रीय योजनेचा निकष एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची कायमची सोय असा आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १४ लाख ८६ हजारांचं होतं, म्हणजे या हिशेबाने तेव्हाच दीड हजारांच्या आसपास माणसांची सोय हवी होती. आता शहर किती फुगलंय ते तुम्ही रोज बघता. पण त्या मागणीसाठी पालिकेकडे भांडायचं ते वेगळं. तुमच्या एका निवाऱ्यात माणूस अडकून पडतो किंवा घसरून परत जातो, त्याचं कारण खाटांची संख्या नाही. चाळीसच्या ऐंशी केल्या तर अडकणारेही दुप्पट होतील.

तुमच्या हजेरीवहीत काय असेल ते न बघताही सांगता येतं. रोज रात्री किती जण झोपले, किती जेवले, किती अंथरुणं वाटली. पालिकेला देयकासाठी हाच आकडा लागतो, म्हणून संस्थाही हाच सांभाळतात. गेलेला माणूस कुठे गेला, तिथे टिकला का, याचा रकाना नसतो. तो रकाना आजच आखा. माझ्या मते निवाऱ्याचं काम माणूस आत आल्यावर सुरू होतं आणि तो बाहेर पडल्यानंतर साधारण नऊ महिन्यांनी संपतं. नऊ महिनेच का, ते पुढे येईल.

आधी माणसं वेगळी करा. हॉलमध्ये एका रांगेत झोपलेल्या चाळीस जणांची गरज एकच असते असं आपण धरून चालतो. त्यात कमावणारा पण खोली न परवडणारा असतो, मुलाने किंवा सुनेने बाहेर काढलेले आजोबा असतात, मनाचा आजार असलेला असतो, दारूत बुडालेला असतो आणि द्राक्षाच्या हंगामासाठी पेठ-सुरगाण्याहून आलेलं, काम संपलं की गावी परतणारं कुटुंबही असतं. या शेवटच्यांना पुनर्वसन नको असतं. त्यांना दोन-तीन महिने सुरक्षित जागा, नळ आणि चुलीपुरता कोपरा हवा असतो. त्यांना समुपदेशनाला बसवू नका. आजोबांनी ‘स्वावलंबी’ व्हावं ही अपेक्षाही चूक आहे. त्यांना पेन्शन आणि वृद्धाश्रमातली जागा किंवा घरच्यांशी समझोता हवा. स्वतःच्या पायावर उभं राहण्याची भाषा मुख्यतः पहिल्या गटाला लागू होते. तो गट अनेकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. फुटपाथवर झोपणारा म्हणजे भीक मागणारा, हा समज मनातून काढून टाका. बिगारी, हमाल, वेटर, केटरिंगवाले, भंगार वेचणारे, वॉचमन अशी ही माणसं आहेत.

म्हणून पहिला बदल दाराच्या वेळेचा. रात्री नऊला कुलूप आणि सकाळी सातला सगळ्यांना बाहेर काढून झाडलोट, हा नियम कागदावर शिस्तीचा दिसतो, प्रत्यक्षात तो कामाच्या माणसालाच बाहेर ठेवतो. दिंडोरी रोडच्या बाजार समितीत भाजीपाल्याचे लिलाव संध्याकाळी चालतात, माल भरून गाड्या रात्री मुंबईकडे निघतात. तिथे हमाली करणारा नऊच्या आत येणार कसा? लग्नसराईत गंगापूर रोडच्या लॉन्सवर केटरिंगला गेलेली पोरं मध्यरात्र उलटल्यावर सुटतात. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा वॉचमन सकाळी आठला येतो आणि त्याला दिवसा झोपायचं असतं. तुमचे नियम ज्याला काहीच काम नाही त्याला सोयीचे आहेत आणि ज्याने कष्टाने काम मिळवलं त्याला अडचणीचे. मग आत उरतात ते बिनकामाचेच, आणि पाहुणे येऊन म्हणतात, ‘यांना काम करायचंच नसतं.’

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही निवारा बाराही महिने आणि चोवीस तास चालवायचा आहे. त्यासाठी तीन पाळ्यांत माणसं लागतात, तेवढे पगार देयकात मागा. जागा असेल तर एक छोटी खोली दिवसा झोपणाऱ्यांसाठी अंधारी आणि शांत ठेवा. उशिरा येणाऱ्यांची यादी दारावर असू द्या, त्यांच्यासाठी डबा झाकून ठेवा. यात खर्चापेक्षा मनाचीच तयारी जास्त लागते.

दुसरा बदल कुलपाचा. प्रत्येक माणसाला स्वतःचं कुलूप लावता येईल असं लोखंडी लॉकर द्या, आणि खाटेजवळ मोबाइल चार्जिंगची सोय. यापेक्षा जास्त उपयोगी दुसरी खरेदी मला माहीत नाही. बेघर माणसाची बचत का होत नाही याची मोठमोठी कारणं लोक सांगतात. साधं कारण असं, की संध्याकाळी हातात आलेली रोख मजुरी रात्री खिशात ठेवून झोपला तर ती सकाळी नसते. हे माहीत असलेला माणूस झोपण्याआधीच ती संपवतो, मग ती गुत्त्यावर जावो नाहीतर हॉटेलात. मोबाइल चोरीला गेला तर मुकादमाचा नंबर जातो, आणि नंबर गेला की काम जातं. कागदपत्रांची पिशवी गेली तर महिन्यांची धावपळ पुन्हा पहिल्यापासून.

पैसे मात्र व्यवस्थापकाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेऊ नका, कितीही विश्वासाचा माणूस असला तरी. आज नाही उद्या त्यावरून वाद होतोच, आणि एकदा झाला की निवाऱ्यावरचा विश्वास उडतो. खातं त्या माणसाच्याच नावावर हवं. कागद नाहीत म्हणून खातं उघडत नाही, असं शाखेत सांगतील. तेव्हा ‘स्मॉल अकाउंट’ मागा. बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा आणि फोटो, एवढ्यावर हे खातं उघडता येतं. मर्यादा आहेत: शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षात जमा १ लाखापर्यंत, महिन्याला काढणं १० हजारांपर्यंत. ते बारा महिने चालतं, आणि दरम्यान ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी बारा महिने. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला हा नियम माहीत नसण्याची शक्यता बरीच असते. शाखाधिकाऱ्यांना स्वतः जाऊन भेटा, एकदाच भेटा, आणि पुढे सगळी माणसं त्याच शाखेत न्या.

यावरूनच आठवलं. निवाऱ्यात नाममात्र भाडं घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. ‘फुकट दिलं की किंमत राहत नाही’ हे वाक्य ठरलेलं असतं. माझं मत भाडं घेऊ नये असं आहे. तेवढीच रक्कम त्याने स्वतःच्या खात्यात टाकावी आणि आठवड्यातून एकदा पासबुक दाखवावं. शिस्त तीच लागते, पैसा मात्र त्याच्या खोलीच्या अनामतीत जातो.

कागदपत्रांचं काम प्रत्येक निवारा करतो, बहुतेक चुकीच्या क्रमाने. नवीन माणूस आला की त्याला आधार केंद्रावर नेऊन नव्याने नोंदणी करतात. काही आठवड्यांनी ती नाकारली जाते, कारण त्याचं आधार पूर्वीच निघालेलं असतं, फक्त कार्ड हरवलेलं असतं. आधी विचारा: ‘कधी बोटांचे ठसे आणि डोळ्यांचा फोटो दिला होता का?’ दिला असेल तर जुना क्रमांक केंद्रावर बायोमेट्रिकवरून शोधता येतो. विटा-सिमेंटचं काम करून ज्यांचे ठसे झिजलेत त्यांच्यासाठी डोळ्यांचं बुबुळ चालतं, ऑपरेटरला तसं सांगावं लागतं. पुढचं काम मोबाइल जोडण्याचं. त्याला कागद लागत नाही, पण ते राहिलं तर ई-श्रमपासून, म्हणजे असंघटित कामगारांच्या नोंदणीपासून, पुढचं सगळं अडतं. पत्त्यासाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकांचा ठरावीक नमुन्यातला दाखला चालतो. तुमच्या निवाऱ्याची मान्यता आणि सही कोणाची, हे पालिकेकडून लेखी घेऊन ठेवा, नाहीतर दर वेळी वाद.

मतदार यादीकडे कोणी लक्ष देत नाही. बेघर माणसाला मतदार नोंदणीचा नमुना ६ भरताना पत्त्याचा पुरावा द्यावा लागत नाही. तो जिथे झोपतो असं सांगतो तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने (बीएलओ) रात्री जाऊन खात्री करायची, अशी निवडणूक आयोगाची पद्धत आहे. मतदार कार्ड हातात आलं की बाकीची दारं उघडायला सोपी जातात. शिवाय, मत देणारा माणूस नगरसेवकाला दिसू लागतो. हा फायदा कमी समजू नका.

आता दारू. ‘पिऊन आलेल्याला प्रवेश नाही’ ही पाटी तुमच्याकडेही असेल. ती काढा आणि लिहा: ‘शिवीगाळ, मारामारी, दुसऱ्याच्या सामानाला हात लावणं चालणार नाही.’ वासावर नाही, वागण्यावर नियम करा. काठावर झोपणाऱ्यांत पिणारे बरेच असतात. त्यांना वगळून तुम्ही निवारा चालवू शकाल, पण ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे ते बाहेर राहतील. याहून मोठा धोका उलट बाजूचा आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू जबरदस्तीने एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत थरथर, घाम, ताप, भास अशी अवस्था होऊ शकते. तिला डॉक्टर ‘डीटी’ म्हणतात, आणि त्यात माणूस दगावतो. ‘आमच्याकडे आला आणि त्याच दिवशी सोडली’ असं अभिमानाने सांगणाऱ्या व्यवस्थापकाची मला भीतीच वाटते. सोडायची तयारी दाखवली की त्याला आधी जिल्हा रुग्णालयात न्या, औषधांच्या आधाराने सोडू द्या, मग परत आणा. त्याची खाट त्या काळात दुसऱ्याला देऊ नका. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, तो क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात असावा.

मनाच्या आजाराबाबत नाशिकची अडचण वेगळी आहे. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. इथून जवळचं म्हणजे ठाणं, तेही घाट उतरून. त्यामुळे स्वतःशी बोलत फिरणाऱ्या माणसाला पोलीस निवाऱ्याच्या दारात आणून सोडतात आणि जातात. हे चालवून घेऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला नेणं हे पोलिसांचं काम आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरचे शोधायचे तेही पोलिसांनीच. कलमाची मराठी प्रत लॅमिनेट करून टेबलावर ठेवा, रात्रीच्या पाळीवाल्याला वाचता आली पाहिजे. उपचार सुरू झालेल्या माणसाला मात्र निवाऱ्यात जरूर घ्या. गोळ्या वेळेवर मिळाल्या, झोप लागली, तर काही आठवड्यांत गावाचं नाव आठवू लागतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरच्या अशा हजारो माणसांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवलंय, त्याच कामाला २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या माणसाची भाषाच तुम्हाला कळत नाही त्याच्यासाठी तिथे विचारणा करण्यात कमीपणा नाही.

टीबीचं थोडक्यात. दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्याची थुंकी तपासा, खिडक्या थंडीतही थोड्या उघड्या ठेवा, खाटांची डोकी आलटून-पालटून ठेवा. औषध किमान सहा महिने चालतं. त्या काळात निक्षय योजनेचे महिन्याला १ हजार रुपये पोषणासाठी मिळतात, पण ते बँक खात्यातच येतात. पुन्हा खातं आलं, बघा.

आजोबा-आजींसाठी संजय गांधी निराधार किंवा, वय ६५ च्या पुढे असेल तर, श्रावणबाळ योजनेचा अर्ज. महिन्याला १,५०० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला आणि राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, तिथेच अर्ज अडकतात. मुलं आहेत, कमावतात आणि तरी घराबाहेर काढलंय, तर २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याखाली प्रांत कार्यालयात अर्ज करता येतो. माझा अनुभव असा, की निकालापेक्षा नोटीस जास्त काम करते. नोटीस गेली की मुलाचा फोन येतो. मात्र फोन आला म्हणून लगेच आजींना रिक्षात बसवून पाठवू नका. आजींनाच विचारा, जायचंय का, आणि त्या घरी एकदा तरी तुमचं माणूस जाऊन येऊ द्या.

बायकांचा निवारा वेगळाच हवा. एकाच इमारतीत वरचा मजला बायकांचा, ही सोय कामाची नाही, जिन्यावर आणि नळावर गाठ पडतेच. तुमचा निवारा पुरुषांचा असेल तर तो पुरुषांचाच ठेवा आणि एकटी बाई आली तर सरकारी सखी केंद्राशी किंवा १८१ या महिला हेल्पलाइनशी जोडून द्या. तेवढ्या रात्रीपुरती बसायची सुरक्षित जागा आणि बाई कर्मचारी हवी. अठराच्या आतलं मूल आलं तर मुलांची हेल्पलाइन, १०९८. यावर मतभेदाला जागा नाही.

जेवणाबद्दल मी थोडं कडू बोलते, राग मानू नका. आपल्याकडे गंगेवर कोणी उपाशी राहत नाही. दशक्रिया, श्राद्ध, वाढदिवस, पुण्यतिथी, कोणीतरी रोज वाढतच असतं. त्यामुळे निवाऱ्यानेही संध्याकाळी रांग लावून वाढायचं, दात्याने फोटो काढायचा, यात माणसाच्या हाती काही पडत नाही. उलट साठीचा गवंडी ताट हातात धरून कोणाच्या तरी मुलाचा केक कापून होईपर्यंत उभा असतो. दात्यांना शिधा द्यायला सांगा. डाळ, तांदूळ, पीठ, तेल, गॅसची टाकी. स्वयंपाकघर माणसांच्या ताब्यात द्या, पाळ्या लावा. खोलीत राहायला गेल्यावर रोज बाहेर खाणाऱ्याची कमाई टिकत नाही. भाकरी-भाजी, खिचडी एवढं करता येणं हा खोली टिकवण्याचाच भाग आहे. फोटो मात्र पूर्ण बंद.

कर्मचाऱ्यांकडे वळते. पहारेकरी ठेवला की निवाऱ्याचा तुरुंग होतो. ‘ए म्हाताऱ्या, सरक’ असं बोलणारा माणूस एकही दिवस नको. अहो-जाहो बोलणं, नाव लक्षात ठेवणं हे नोकरीच्या अटीत लिहा. पूर्वी स्वतः रस्त्यावर राहिलेल्या माणसाला कामावर घेणं चांगलंच, पण ज्या निवाऱ्यात तो राहत होता तिथेच लगेच नको. कालचे सोबती आज त्याच्या हाताखाली आले की दोघांनाही जड जातं. आणि तुमच्या केअरटेकरचा पगार तीन-तीन महिने थकत असेल तर बाकी सगळ्या सुधारणा विसरा. देयक उशिरा येतं हे माहीत धरून दोन महिन्यांच्या पगाराची गंगाजळी संस्थेने स्वतः उभी करावी.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे, म्हणजे परत येणाऱ्यांकडे.

न्यूयॉर्कमधल्या पुरुषांच्या एका निवाऱ्यात तीव्र मानसिक आजार असलेल्या ९६ जणांवर एक प्रयोग झाला, तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना निवाऱ्याबाहेर घर मिळालं होतं. अर्ध्यांना नेहमीची सेवा, उरलेल्यांना बाहेर पडल्यानंतर नऊ महिने एकाच ओळखीच्या कार्यकर्त्याचा आधार. पहिले तीन महिने घट्ट, पुढचे तीन सैलसर, शेवटचे तीन हात सोडण्याचे. दीड वर्षाच्या काळात नेहमीच्या सेवेतले लोक सरासरी ९१ रात्री पुन्हा बेघर होते, आधार मिळालेले ३०. आपली परिस्थिती, पैसा, माणसं वेगळी आहेत, पण घसरण कुठे होते ते तिथेही तसंच आहे. माणूस निवाऱ्यात असताना घसरत नाही, बाहेर पडल्यावर पहिल्या काही महिन्यांत घसरतो. आणि आपली मदत नेमकी त्याच दिवशी थांबते.

नाशिकमध्ये हे असं घडतं. माणूस सातपूरला किंवा सिडकोत तिघांत एक खोली घेतो. पहिला महिना बरा जातो. मग पावसाळा लागतो, बांधकामं मंदावतात, नाक्यावर उभं राहून दुपारी हात हलवत परत यावं लागतं. एखादा जोडीदार गावी जातो आणि भाड्याचा त्याचा वाटा उरलेल्या दोघांवर पडतो. ताप येतो, आठवडा जातो. घरमालक सामान बाहेर ठेवतो. निवाऱ्यात परत यायची लाज वाटते, कारण निघताना तुम्ही हार घालून फोटो काढलेला असतो. मग थेट गोदाघाट, होळकर पूल किंवा नाशिकरोड स्टेशन. या साखळीत तीन-चार हजार रुपये आणि एक फोन वेळेवर आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

म्हणून एका कार्यकर्त्याकडे पंधरा-वीसच माणसं द्या, आत असलेली आणि बाहेर पडलेली मिळून. खोली मिळाली की पहिल्या महिन्यात दर आठवड्याला प्रत्यक्ष भेट, तीही रविवारी, कारण बाकी दिवस तो कामावर असतो. घरमालकाला कार्यकर्त्याचा नंबर द्या: ‘भाडं थकलं तर सामान बाहेर काढायच्या आधी मला फोन करा.’ मालक लोक वाईट नसतात, त्यांना फक्त कोणीतरी बोलायला हवं असतं. पावसाळ्याचे चार महिने धोक्याचे धरून त्याआधीच अडीअडचणीसाठी म्हणून थोडी बचत बाजूला काढून घ्या. आणि परत आलेल्या माणसाला ‘पुन्हा आलात?’ असं कोणी विचारता कामा नये. तो घाटावर गेला नाही, तुमच्याकडे आला, हे तुमच्या निवाऱ्याचं यशच समजा. मुक्कामाची ठरावीक मुदत मला पटत नाही. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी त्याच्यासोबत बसा: काम काय चाललंय, पासबुकात किती, पुढे काय. मुदत संपली म्हणून हाकललेला माणूस कागदावर ‘पुनर्वसित’ होतो, एवढंच.

फिनलंडने २००८ पासून आधी घर, मग बाकी सगळं, हे धोरण राबवलं आणि जुने निवारेच भाड्याच्या घरांत बदलले. आपल्याकडे तेवढी घरं पालिकेच्या हातात नाहीत, त्यामुळे ते जसंच्या तसं इथे आणता येणार नाही. त्यातली एक गोष्ट मात्र आजच घेता येते. खोली हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस नाही. दारू पूर्ण सुटली, सवयी सुधारल्या, मग खोली बघू, असं म्हणत बसाल तर वर्षं जातील. भाड्याचा वाटा देण्याइतकं काम आहे, एवढं पुरे.

सिंहस्थाचा विचार आताच करा. २०२७ च्या पर्वण्यांआधी घाट मोकळे करण्याची मोहीम निघेल आणि रात्री गाडीत घालून माणसं तुमच्या दारात आणली जातील. महाराष्ट्रात भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ अजून लागू आहे, तो दाखवला जाईल. पालिकेला आधीच लेखी कळवा: निवारा हा स्वेच्छेचा आहे, जबरदस्तीने आणलेला माणूस दुसऱ्या दिवशी निघून जातो आणि त्याच्यासोबत तुमचे जुने रहिवासीही बिथरतात. याची दुसरी बाजू अशी, की सिंहस्थाच्या कामांना हजारो हात लागतील. ठेकेदारांशी बोलून मजुरी बँकेतून देण्याची अट घालता आली तर अनेकांची वर्षभराची बचत होईल. पर्वण्यांनंतर गर्दीत चुकलेली, आणि काही मुद्दाम सोडून दिलेली, वृद्ध माणसं मागे राहतात. त्यांच्यासाठी काही खाटा राखून ठेवा. पुराचंही तसंच. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, की घाटावरचे सगळे एकाच रात्रीत वर येतात. सतरंज्यांचा जादा गठ्ठा जूनमध्येच आणून ठेवा. ओळख व्हायला ती रात्र चांगली असते.

उरला तुमचा दाता. चाळीस खाटांचे पैसे घ्या, पण खाटांसाठी नको. लॉकर आणि चार्जिंगचं काम त्यात आधी उरकून घ्या. मग कामाच्या जागांजवळ, अंबड किंवा सातपूरला, दोन खोल्या संस्थेच्या नावाने घ्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवा. आपल्या राज्यात तो नोंदवावाच लागतो. मालकाला खरं सांगा, कोण राहणार आहेत ते. लपवलं तर पोलीस पडताळणीच्या वेळी सगळं बिघडतं. एका खोलीत तिघांपेक्षा जास्त नको, आणि कोण कोणासोबत राहणार ते त्यांनाच ठरवू द्या. पहिल्या महिन्याचं भाडं संस्थेचं, दुसऱ्याचं निम्मं, तिसऱ्यापासून पूर्ण त्यांचं. शेगडी, दोन पातेली, तवा, बादली, तीन गाद्या, एवढा संच आधी लावून ठेवा. अकरा महिने नीट गेले तर करार त्यांच्या नावावर करून द्या आणि संस्थेची अनामत सोडवून तिसरी खोली शोधा. त्यांची अनामत त्यांच्या पासबुकातून येईल, कमी पडली तर याच निधीतून बिनव्याजी उसनी द्या, हप्त्याने परत घ्या. काही हप्ते बुडतील, ते धरूनच चाला. दात्यांना खोलीवर नावाची पाटी हवी असेल तर नम्रपणे नाही म्हणा. भाडेकरूच्या दारावर दुसऱ्याची पाटी नसते.